स्कूटर हलवायची नाही

"हलवू नकोस!" भिंगरी एवढ्या जोरात ओरडली, की बाबाच्या हातातली किल्लीच पडली.

त्यानं स्कूटरचं कव्हर जेमतेम अर्धं वर केलं होतं. पुढच्या जाळीच्या टोपलीत, काड्यांच्या वाटीत एक बुलबुल अंग फुगवून बसलं होतं. आठवडाभर तिघं भिंगरीच्या आजोळी गेली होती. तेवढ्यात या बयेनं बिऱ्हाड थाटलं होतं. ती भुर्रकन उडाली, तेव्हा खाली तीन अंडी दिसली. गुलाबीसर, तांबड्या ठिपक्यांची.

"आता?" बाबा म्हणाला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. साडेनऊला कामावर हजर व्हायचं होतं, आणि त्याआधी मुलीला शाळेत आणि बायकोला लॅबमध्ये सोडायचं होतं.

"आता काय, चालायचं," आई म्हणाली. दिवसभर लोकांचं रक्त काढून तिचं बोलणंही सुईसारखं झालं होतं. थोडक्यात आणि नेमकं.

भिंगरीनं खडू आणून स्कूटरभोवती रिंगण काढलं. पाच वर्षांच्या आयुष्यात ती कधी एका जागी ठरली नव्हती, म्हणून तर हे नाव पडलं होतं. पण या रिंगणापाशी ती चक्क पाच मिनिटं उभी राहिली.

पहिल्या दिवशी आई-बाबा दोघं तोंडं फुगवून चालली.

"तरी सांगत होते, कव्हर नीट बांध."

"बांधलं होतं. दोरी तूच सोडलीस, कपडे वाळत घालायला."

दोघांचं बोलणं एवढंच. तेही काही नवं नव्हतं. गेली दोन वर्षं ती बोलायची ती इस्त्री, डबा आणि मुलीच्या वह्या यांबद्दल. स्कूटरवर तर हेल्मेटातून एकानं "काय?" म्हणायचं, दुसऱ्यानं "काही नाही" म्हणायचं, की आलीच लॅब.

पण पाऊण तास चालायचं म्हणजे माणूस किती वेळ गप्प बसणार? तिसऱ्या दिवशी बाबाला राहवलं नाही. आदल्या दिवशी एक आजीबाई लिफ्टमध्ये अडकल्या होत्या. त्यानं घाम गाळून दार उघडलं, तर आजीबाई आत पिशवीवर बसून स्वेटर विणत होत्या. "थांब रे, दोन ओळी राहिल्यात. बाहेर गेले की घरचे विणू देत नाहीत," असं म्हणून त्यांनी त्याला दार परत लावायला लावलं.

आई हसली. इतकी हसली, की फुटपाथवरच्या झाडाला धरून उभी राहिली. तेव्हा तिला दिसलं, की झाडाला नवी पालवी आली होती, तांब्यासारखी लकाकणारी. "ही कधी फुटली रे?" तिनं विचारलं. त्याला तरी कुठं माहीत होतं?

चौथ्या दिवशी तिनं लॅबमध्ये आलेल्या एका पैलवानाची गोष्ट काढली. दंड एवढा, की पट्टा बांधायला पुरेना. आणि सुई नुसती पाहूनच गडी असा आडवा झाला, की उचलायला चौघं लागले.

मग रोज सकाळी तिघं दहा मिनिटं लवकर निघू लागली. बाबा बागेतल्या वाटेनं न्यायचा. तिकडून लांब पडायचं. "सावली आहे," तो म्हणायचा, आणि ऊन तर अजून कोवळंच असायचं. भिंगरी मधे. दोघांचे हात धरून ती झोके घ्यायची. एकदा ती हात सोडून फुलपाखरामागं धावली. मधली जागा रिकामी झाली, तरी दोघांचे हात काही रिकामे राहिले नाहीत, ते एकमेकांत गेले. उलट मधली जागाच गेली.

तीन आठवडे उलटले. एका संध्याकाळी बाबानं कव्हर हळूच वर केलं. घरटं रिकामं होतं. नुसतं एक पीस पडलेलं. तो बराच वेळ त्या वाटीकडे बघत राहिला. मग कव्हर खाली ओढलं, दोरी घट्ट बांधली आणि मागं वळला.

मागं भिंगरी उभी.

"आईला सांगायचं नाही हं," तो कुजबुजला. "आपलं दोघांचं गुपित."

"बरं," भिंगरी म्हणाली. एरवी ही पोरगी श्वास घेण्याआधीही "का?" विचारायची. आज तिनं काहीच विचारलं नाही. बाबाला ते नवल वाटलं, पण चोराला फार चौकशा परवडत नाहीत.

रात्रीच्या जेवणाला आईनं विचारलं, "काय म्हणतायत पिल्लं?"

"आहेत," बाबानं घास गिळला. "पंख फुटायचेत अजून."

"मग राहू दे बिचारी. आपल्याला कसली घाई आहे?" आई मान खाली घालून ताटातले वाटाणे एका बाजूला सारत राहिली.

रविवारी तळमजल्यावरचे पोस्टमास्तर स्कूटरपाशी उभे होते. त्यांची मुलगी गाडी घेऊन येणार होती आणि ही स्कूटर नेमकी मधे होती. त्यांनी भिंगरीला हाक मारली.

"काय गं भिंगरे, ती पिल्लं आहेत तरी का अजून? मला तर आवाज येत नाही."

भिंगरीनं वर घराच्या खिडकीकडे पाहिलं. पोस्टमास्तरांना हातानं खाली वाकवलं आणि त्यांच्या कानाला तोंड लावलं.

"उडाली ती. पण आईला सांगू नका, बाबानं सांगू नको म्हटलंय."

"नाही सांगत."

"आणि बाबाला तर मुळीच सांगू नका. ती उडाली ना, त्याच दिवशी आईनं माझ्याकडून वचन घेतलंय."