'छान' आणि 'मग?'

पटकथा शिकवणाऱ्या मास्तरांनी त्याला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "गोष्ट ऐकून निर्माता 'छान' म्हणाला, की गाशा गुंडाळून उठायचं. 'मग?' म्हणाला, की गड सर झाला." त्यानं निर्मात्यांचे उंबरे झिजवले, पण जिथं तिथं पदरात पडलं ते 'छान'च.

एका संध्याकाळी तो मालिका बघत बसलेल्या वडिलांशेजारी जाऊन टेकला आणि घसा खाकरून म्हणाला, "अण्णा, मी नोकरी सोडली."

"मग?" टीव्हीवरची नजर न काढता अण्णांनी विचारलं.

"आता मालिका लिहिणार."

"मग?" अण्णांनी टीव्हीच बंद केला.

त्याला हुरूप आला. मास्तरांनी शिकवलं होतं तसा आवाज खाली आणत, नेमक्या जागी थांबत तो म्हणाला, "महिना झाला याला. रोज सकाळी डबा घेऊन निघतो, आणि दिवसभर बागेत बसतो. तुमच्या सुनेला मात्र यातलं अवाक्षरही ठाऊक नाही."

अण्णा नुसते त्याच्या खांद्यावरून मागे बघत राहिले.



"मग?" मागून बायकोचा आवाज आला.