अव्वल रिसीव्हर

"आई, तो बघा!" टीव्हीवरचा अमेरिकन फुटबॉल पाहता पाहता कौस्तुभ तान्ह्या नातीला मांडीवर घेऊन बसलेल्या सासूबाईंना म्हणाला. "एका हंगामात शंभर झेल, चौदाशे यार्ड, बारा टचडाउन! अव्वल रिसीव्हर म्हणतात तो असा."

"आणि हातातून सुटले किती?"

"पाच-सहा सुटणारच हो. हात पुढे करणाऱ्याच्याच हातून सुटतं."

"मग करा की पुढे!" सासूबाईंनी नात त्याच्या हातांत अलगद ठेवलीसुद्धा. पडेल या धास्तीने महिनाभरात त्याने लेकीला एकदाही उचललं नव्हतं.

जरा वेळाने स्टेडियम दणाणलं. टचडाउन करून तो पठ्ठ्या नाचत होता.

"आई, आवाज बंद करा ना," मान वर न करता कौस्तुभ कुजबुजला. "उठेल ती."