आईने धरलेली जागा

युरोपची टूर संपवून आई थेट माझ्याकडे न्यूझीलंडला, हॉर्नबीत आली. दुपारी आम्ही दोघी सोफ्यावर बसून टीव्हीवर तिचे ब्रुजचे फोटो पाहत होतो.

काय शहर होतं ते! रस्त्यांच्या जागी कालवे, दगडी कमानींचे पूल, थेट पाण्यात पाय सोडून बसलेली जुनी घरं, निवांत हंस. आई तर अजून हरखलेलीच होती.

"अस्मिता, बोटीत मी शेजारी रुमाल टाकून तुझी जागा धरली होती बघ," ती हसत म्हणाली. "सवयच ती. तुला रजा मिळाली नव्हती, हे विसरूनच गेले."

फोटोत तिच्या शेजारी नुसता रुमाल होता. खाली पाण्यात मात्र तिच्या प्रतिबिंबाला खेटून मी बसले होते.

"किती छान आलीयेस गं," आई म्हणाली.

पुढच्या फोटोत सगळे धक्क्यावर उतरले होते. रिकाम्या बोटीखाली, पाण्यात, मी अजून बसलेलीच होते.

मी घाईघाईने टीव्ही बंद केला. काळ्या पडद्यात आमचा सोफा दिसला. त्यावर आई एकटीच होती, आणि तिच्या शेजारी, माझ्या जागेवर, तिचा रुमाल पसरलेला होता.