तारापूरची पायपेटी

जुन्या चर्चमधले ऑर्गन वाजवत एक दिवस भटकायचं, हे झुंबररावांचं स्वप्न बोईसरच्या कारखान्यातल्या पाळ्यांमध्ये राहूनच गेलं. रिटायर झाले आणि त्याच वर्षी आजारपणात त्यांचे कान पार गेले. तरी त्यांच्या पत्नी सुगंधाताईंनी हट्टाने रिक्षा ठरवली आणि दोघं निघाले.

पालघरच्या चर्चमध्ये ते वाजवू लागले, तेव्हा फुलं लावणाऱ्या बायका हातातलं काम टाकून ऐकत उभ्या राहिल्या. "बरं वाजतंय ना?" त्यांनी विचारलं. सुगंधाताईंनी हसून मान डोलावली.

तारापूरच्या चर्चमधली पायपेटी मात्र फारच जुनी होती. झुंबररावांनी पायाने भाता मारायला सुरुवात केली, बोटं पट्ट्यांवरून फिरू लागली, पण आवाजच उमटेना.

"बाई, तिचा भाता उंदरांनी खाल्लाय. वाजत नाय ती आता," झाडलोट करणारी सपना हळूच म्हणाली. सुगंधाताईंनी तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

झुंबररावांनी अख्खी भैरवी वाजवली. सुगंधाताई समोरच्या बाकावर बसून शेवटपर्यंत मांडीवर ताल धरत राहिल्या. बोटं थांबली, तेव्हा भरल्या डोळ्यांनी त्यांनी हाताने खूण केली, "सुरेख!"



"भाता हवा धरत नाही, हे मला पहिल्यांदा पाय मारला तेव्हाच कळलं," पेटीचं झाकण लावत झुंबरराव म्हणाले, "पण तू इतकं मन लावून ऐकत होतीस, मधेच कसा उठणार?"