लाइट गेल्यावर

मोफत श्रवण तपासणीच्या शिबिरात धोंडीराममामा माझ्यासमोर बसले. इचलकरंजीत चाळीस वर्षं यंत्रमाग चालवलेला माणूस.

“माझे कान ठणठणीत आहेत,” ते म्हणाले. “फुकट म्हटलं की हिला राहवत नाही.”

“मग लाइट गेली की माझ्याशी बोलत का नाहीत?” मामींनी मला विचारलं. “हाका मारून थकते मी. माझं काय चुकतं, तेवढं तरी कळू दे.”

मी दहा शब्द उच्चारले. मामांनी दहाही बरोबर सांगितले. म्हणजे ते मुद्दाम गप्प बसत होते. मामींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

फॉर्मवर ‘ठीक’ लिहिताना मागांचा खडखडाट आठवला. तिथे कामगार एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखतात. मी हनुवटीवरचा मास्क नाकापर्यंत ओढला आणि दुसरे दहा शब्द उच्चारले.

मामा माझ्या डोळ्यांकडे बघत राहिले. उत्तर एकाचंही आलं नाही.

मास्क उतरवून मी सांगितलं, “कानाला यंत्र लागेल. इथे मोफत मिळेल.”

मग ते मामींकडे वळले.

“अंधारात तूच गप्प होतेस,” ते म्हणाले, “असं वाटायचं मला.”