अडीचशेच्या आत

यास्मीननं तो कोड तिसऱ्यांदा वाचला आणि खुर्ची मागं सरकवली.

सगळा मिळून सात ओळींचा मामला. टॉवेल रंगवणाऱ्या या कारखान्याच्या सांडपाण्यात एक मीटर बसवलेलं होतं. त्याच्यासोबत मीटरच्या कंपनीचा प्रोग्राम आला होता, सी-प्लस-प्लस या भाषेत लिहिलेला, कुलूपबंद. त्यातली ‘रीड’ नावाची मेथड पाण्यातली घाण मोजून आकडा द्यायची. मालकाच्या केबिनमधला पडदा मात्र पायथॉन या दुसऱ्या भाषेवर चालायचा. आधीच्या प्रोग्रामरनं पायथॉनमध्ये कंपनीच्या त्याच प्रोग्रामचा एक वारस तयार केला होता आणि त्याला स्वतःची रीड दिली होती. नाव तेच, काम वेगळं. हाक एकीला मारायची, ओ दुसरीनं द्यायची: एकशे ऐंशी, एकशे ब्याण्णव, एकशे पंच्याहत्तर. सरकारी मर्यादा अडीचशेची.

तिनं मूळ रीड वेगळी चालवून पाहिली. एक हजार आठशे चाळीस.

कोडच्या डोक्यावर नाव होतं, अमरेश. भवानी पेठेतल्या क्लासमध्ये यास्मीन त्यांच्याच हाताखाली शिकली होती. ‘प्रोग्राम चुकला तर चालेल, खोटं बोलला तर नाही’ असं फळ्यावर लिहिणारा माणूस.

“जमतंय ना मॅडम?” मालक पृथ्वीराजशेठ दारात उभे होते. नाकाला अत्तराचा रुमाल. “नव्या कॉम्प्युटरवर जसंच्या तसं घ्या. सरांनी लई डोकं लावलंय त्यात. हितं जे दिसतं तेच सरकारात जातं. सव्वादोन वर्षांत एक नोटीस न्हाय.”

“आकडे खोटे आहेत, शेठ.”

“आकडे अडीचशेच्या आत आहेत,” ते हसले. “आणि ती खिडकी लावून घ्या. वास येतो.”

वास नाल्याचा होता. दुपारी यास्मीन त्याच नाल्याकाठी राहणाऱ्या मदिनाबी खालाकडं, आपल्या मावशीकडं, जेवायला गेली. पाणी दाट मरून रंगाचं, वर साबणासारखा फेस. काठाला चिकटलेल्या गाळावर माश्यासुद्धा बसत नव्हत्या.

“आज लाल आया,” खाला म्हणाली. रोजचंच झालं होतं तिला. तिच्या पायांची कातडी घोट्यापर्यंत सोलून निघाली होती. उन्हाळ्यात तिच्या दोन शेळ्या तोंडाला फेस येऊन मेल्या होत्या. यास्मीननं हापशावर हात धुतले आणि हातांना सडक्या अंड्यांचा वास राहिला. पुढ्यातली भाकरी तिला तोडवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ती होटगीला गेली. गेल्या महिन्यात कारखान्याची नोकरी सोडल्यापासून अमरेश सर स्टेशनजवळ झेरॉक्सचं दुकान चालवत होते.

“यास्मीन! ये, बस की.”

ती बसली नाही. “सर, कारखान्यातली ती रीड तुम्ही लिहिली?”

“व्हय.”

“मालकानं सांगितलं म्हणून?”

“मालकाला जो आकडा बघायचा होता, तो मालकाला दाखवला.” ते कागदांची थप्पी सारखी करत राहिले.

“माझी खाला त्या नाल्यावर राहते. तिचे पाय येऊन बघा एकदा.”

अमरेश सरांनी मान वर केली नाही. “चहा सांगू?”

शेजारच्या टपरीवरून चहा आला.

“मी प्रदूषणाच्या कचेरीत तक्रार करणार आहे,” ती म्हणाली. “तुमच्या नावानिशी.”

“कर की. पण जेवणाच्या सुट्टीआधी जा. नंतर मॅडम जागेवर नसतात. दुसरा मजला, डावीकडचं शेवटचं टेबल.”

म्हणजे यांचं तिथवर जाणंयेणं होतं. टेबलसुद्धा पाठ. आणि सांगतात कसे, स्टेशनचा रस्ता सांगावा तसे. तिनं चहा तसाच ठेवला. बाहेर येऊन ती रस्त्याच्या कडेला थुंकली. या माणसाला आपण तीन वर्षं ‘सर’ म्हणत होतो.

त्याच दिवशी साडेबाराला ती त्या सरकारी कचेरीत पोचली. दुसरा मजला, डावीकडचं शेवटचं टेबल. राजेश्वरी मॅडम संत्रं सोलत होत्या. यास्मीननं सगळं सांगितलं. मीटर, दोन भाषा, सात ओळी, खालाचे पाय. अमरेश हे नाव तिनं दोनदा घेतलं. मग लिहून आणलेला अर्ज आणि पेन ड्राइव्ह टेबलावर ठेवला.

मॅडमनी मधे एकदाही अडवलं नाही. संत्र्याची फोड तोंडात टाकून त्यांनी आपला मॉनिटर तिच्याकडं वळवला.

“हेच का तुमचं मीटर?”

एक हजार आठशे चाळीस. एक हजार नऊशे दहा. एक हजार सातशे पंच्याण्णव. दर पंधरा मिनिटांना एक आकडा. यास्मीन यादी खाली खाली सरकवत गेली. महिने मागं गेले, वर्ष मागं गेलं. अडीचशेच्या आतला एकही आकडा नव्हता.

“हे... खरे आहेत.”

“पहिल्या दिवसापासून असेच येतात.”

यास्मीनला उलगडायला क्षणभर लागला. आकडे इकडं पाठवायचं काम कंपनीच्या कुलूपबंद प्रोग्रामकडंच होतं, आणि तो आतल्या आत स्वतःच्याच रीडला विचारत होता. वर पायथॉनमध्ये कोणी काय लिहिलंय, याचा त्याला पत्ताच नव्हता. फसत होता तो फक्त केबिनमधला पडदा, आणि तो बघून निर्धास्त राहिलेले शेठ.

“मग तुम्ही काहीच...” तिनं मॉनिटरवर बोट ठेवलं.

मॅडमनी बोटं रुमालाला पुसली, मागचं कपाट उघडलं आणि एक फुगलेली फाईल टेबलावर ठेवली. यास्मीननं ती उघडली. वरच्या अर्जावर गेल्या महिन्याची तारीख. त्याखालच्यावर त्याआधीच्या महिन्याची. प्रत्येकाला आकड्यांचे छापील कागद जोडलेले, आणि प्रत्येकाच्या तळाशी एकच सही. अमरेश.

“सव्वीस झाले त्यांचे,” राजेश्वरी मॅडम म्हणाल्या आणि उरलेलं संत्रं पुढ्यात ओढलं. “तुमचाही त्यातच लावा.”