ऐनवेळचं तिकीट

"सर, दोन ट्रॅव्हल्स भरून लोक आलेत," वर्षालीनं अमरावतीच्या विमानतळावरून फोन केला. "मागून जीपा येतायत त्या वेगळ्याच!"

"फोटो पाठव," मुंबईहून विपुलसाहेब म्हणाले. "बघितल्याशिवाय माझा विश्वास नाही."

त्यांचंही चूक नव्हतं. एका विमानावर सुरू झालेली त्यांची टिटवी एअरलाइन्स आता नऊ गावांना जात होती. स्वस्त तिकीट ठेवून आणि पाणीसुद्धा विकत देऊन तिनं मोठ्या कंपन्यांना घाम फोडला होता. अडली ती फक्त अमरावतीत. पहिल्याच आठवड्यात एका आजोबांनी खिडकी उघडायला पाना मागितला. दुसऱ्या एकानं शिडीवरूनच आत रुमाल फेकून सीट धरली. तो रुमाल एअर होस्टेसच्या डोक्यावर पडला. तेही चाललं असतं. पण पुढं माणसंच येईनात. आज विमान भरलं नाही तर अमरावती बंद, असं साहेबांनी सांगून टाकलं होतं.

म्हणून वर्षालीनं डोकं लढवलं. विमानतळाच्या दाराबाहेर तिकीटखिडकी. उरलेल्या सीटा ऐनवेळी अर्ध्या भावात.

"आपला माणूस आधी तिकीट काढत नाही, सर. एसटीला येतो तसा येतो."

तिचे वडील बडनेऱ्याला रेल्वेत होते. फलाटावर गर्दी म्हणजे गाडी फुल्ल, हे ती लहानपणापासून बघत आली होती.

आज बुकिंग चारच होतं. पण बाहेर अख्खी बार्शीटाकळी लोटली होती. नवी लुगडी, डबे, संत्र्यांच्या पिशव्या, झेंडूचे हार. सगळ्यांत पुढं कडक इस्तरीच्या सदऱ्यातले देवमनराव आणि त्यांची बायको दुर्गाबाई.

"जयभीम, काका. मुंबईलेच ना?"

"जयभीम, जयभीम. मंग! मुंबईलेच."

"पहिल्यांदाच?"

"इथून पहिल्यांदाच. घरात कोणाले झोप नाही पोरी."

"सारे एकाच घरचे?"

"घरचे हायेत, भावकीतले हायेत. अन् हा पुंजाराम. याले कोणी बलावलं नोतं, तसाच गाडीत बसला."

"काहून?" पुंजाराम उसळला. "पोरगी का तुही एकट्याची हाये? शाळेत म्या सोडत होतो तिले सायकलवर!"

"पोरगी कुठं हाये?" वर्षालीनं विचारलं.

"येऊन राहिली. कंपनीची गाडी हाये तिले," दुर्गाबाई म्हणाल्या. मग हळूच, "खिडकीपाशीच बसन ना वं ते?"

"बसन की, मावशी."

"अन् समोरच," देवमनराव म्हणाले. "एकदम समोर! मांगं बसाले ते का बजारात चालली?"

पुढच्या रांगेचा जादा दर वर्षालीनं मनातल्या मनात लावून टाकला. मग तिनं गर्दीचा फोटो काढला आणि पाठवला. लगेच फोन वाजला.

"शाब्बास, वर्षाली! पुढच्या महिन्यापासून तुला मोठं विमान! आत्ताच मीटिंगमध्ये सांगून टाकलं!"

वर्षालीची छाती फुगली. वऱ्हाडाले कमी समजू नका, असं धावपट्टीच्या मधोमध उभं राहून ओरडावंसं तिला वाटलं.

"काका, मोठं विमान येऊन राहिलं आता आपल्याकडे!"

"यालेच पायजे," देवमनराव म्हणाले, जणू त्यांनीच ते मागवलं होतं.

वर्षालीनं खिडकी उघडली. "या, ऐनवेळचं तिकीट!"

देवमनराव पुढं आले. त्यांनी तिच्या हातावर पेढा ठेवला आणि सावलीत जाऊन उभे राहिले. मागच्या बाईनंही पेढा ठेवला. तिच्या मागच्यानंही. बघता बघता खिडकीत पेढ्यांचा ढीग लागला.

"काका... तिकीट?"

"आमाले कायले?"

तेवढ्यात फाटकातून पांढरी गाडी आत आली. "आली, आली! प्रियदर्शनी आली!" करत सगळी गर्दी धावली. कुणीतरी ढोल काढला. गाडीतून उतरलेल्या पोरीचा चेहरा क्षणात हारांत बुडाला. दिसत होत्या त्या फक्त तिच्या खांद्यांवरच्या सोनेरी पट्ट्या.

देवमनराव डोळे पुसत खिडकीशी परत आले.

"पोरगी विमान चालवाले चालली आमची. तिले पोचवाले नको याले? अन् मॅडम, ते मोठं विमानबी तिलेच द्या. तवा तीन ट्रॅव्हल्स करून येतो!"